चिठ्ठी छापली, मोजली किती?

23 नोव्हेंबर 2024 रोजी आंबेगाव विधानसभा मतदारसंघाचा निकाल लागला. दिलीप वळसे पाटील निवडून आले आणि देवदत्त निकम पडले, पण दोघांमधलं अंतर होतं अवघं 1,523 मतांचं. 1990पासून सलग निवडून येणाऱ्या नेत्याच्या दृष्टीने हा निसटता विजय. त्याच मतदान यंत्रावर देवदत्त निकम याच नावाचा आणखी एक उमेदवार होता. खऱ्या लढतीतल्या निकमांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, तर या दुसऱ्यांचं ट्रम्पेट. दुसऱ्या निकमांना 2,965 मतं पडली. तालुक्यात ज्याला वजाबाकी येते त्याने ती केलीच असेल.

यातली किती मतं खरोखर चुकून पडली, हे कुणालाच सांगता येणार नाही. गुप्त मतदानाचा अर्थच तो. पण मतदाराने बटण दाबल्यावर यंत्राशेजारच्या खिडकीत सात सेकंद एक चिठ्ठी दिसली होती. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह तिच्यावर छापलेलं होतं. ज्यांनी ती नीट वाचली, त्यांना आपली चूक तिथल्या तिथे कळली असणार. मात्र कळूनही उपयोग नव्हता, कारण दाबलेलं बटण मागे घेता येत नाही. यंत्राने मत फिरवलं का, हे ती चिठ्ठी सांगते. मतदार स्वतःच फसला का, हे ती सांगू शकत नाही. ईव्हीएमवरच्या वादात हे दोन प्रश्न इतके मिसळून गेलेत, की या चिठ्ठीसाठी कोण, कधी आणि कशासाठी भांडलं हा इतिहास बाजूलाच राहिला आहे.

तो इतिहास याच तालुक्यातल्या एका गावापासून सुरू करता येतो. आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव म्हणून. 1908 साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत गिरणी कामगार झाला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकला आडवा जाऊन मेला. त्याच्या चरित्रात एक गोष्ट सहसा येत नाही. त्या काळी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलसाठी मत द्यायचं तर शेतसारा, घरभाडं किंवा प्राप्तिकर यांची ठरावीक अट पुरी करावी लागे. चाळीतल्या खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला मतदारयादीत नाव लागणं जवळपास अशक्यच होतं. ज्या पिढीने रस्त्यावर जीव दिला, तिच्यातल्या बहुतेकांनी मतपत्रिका कधी हातात धरलीच नाही.

ती हातात आली 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने मतपत्रिकेचा कागद कुठलीही खूण न करता आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा. या लाखो पोलादी पेट्यांतला मोठा वाटा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. पद्धत निरक्षर मतदाराला सोपी होती आणि लबाडालाही. कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणायचा आणि विकायचा, एवढंच त्याला करावं लागे. पुढे एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं छापून शिक्का मारण्याची पद्धत आली आणि 1962च्या निवडणुकीपर्यंत ती सर्वत्र रुळली.

शिक्क्याच्या काळाबद्दल आज हळवेपणाने बोललं जातं. तो काळ सोवळा नव्हता. बूथ ताब्यात घेऊन गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारले जात, बाद मतांवरून मोजणीच्या टेबलावर तासन्‌तास हुज्जत चाले. तरीही त्या पद्धतीत एक गुण होता, ज्याची किंमत तो गेल्यावर कळली. पराभूत उमेदवाराचा प्रतिनिधी टेबलासमोर उभा राहून प्रत्येक कागद डोळ्यांनी पाहू शकत असे. त्यासाठी त्याला इंजिनिअर असावं लागत नसे.

1989मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने मतदान यंत्राला कायदेशीर जागा दिली आणि त्याच कायद्याने बूथ बळकावण्याला वेगळा गुन्हाही ठरवलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या, हा योगायोग म्हणता येणार नाही. यंत्र आणलं गेलं ते बूथ लुटणाऱ्याला अडवायला. त्यात ठरावीक वेगापेक्षा भराभर मतं नोंदवता येत नाहीत आणि ‘क्लोज’चं बटण दाबलं की यंत्र पुढचं मत घेत नाही. या यंत्राच्या रूपाला महाराष्ट्राचाही हात लागला आहे. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवैया यांनी त्याची रचना केली. नाव, चिन्ह आणि त्यासमोर निळं बटण ही मांडणी निरक्षरालाही पटकन कळते, याचं श्रेय त्यांचं.

यंत्राचा पहिला वापर मात्र कोर्टात हरला होता. 19 मे 1982 रोजी केरळच्या परूर मतदारसंघात 50 केंद्रांवर यंत्रं ठेवली गेली. भाकपचे सिवन पिल्लै 123 मतांनी जिंकले, काँग्रेसचे ए. सी. जोस सर्वोच्च न्यायालयात गेले. 1984मध्ये न्यायालयाने सांगितलं, की कायद्यात यंत्राची तरतूदच नसताना निवडणूक आयोगाला ते वापरता येणार नाही. त्या 50 केंद्रांवर कागदावर फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले. गंमत अशी, की निवडणुकीआधी यंत्राला हरकत घेणारे होते ते पिल्लै, आणि निकालानंतर घेणारे जोस. हरणाऱ्याला यंत्र संशयास्पद वाटतं आणि जिंकल्यावर ते निर्दोष होतं, ही भारतीय राजकारणातली परंपरा तिथूनच सुरू होते. 2009मध्ये लोकसभा हरल्यावर लालकृष्ण अडवाणी मतपत्रिकेकडे परत जा म्हणत होते. आज त्यांचा पक्ष तसं म्हणणाऱ्यांची टिंगल करतो.

म्हणूनच पक्षांच्या आरोळ्या बाजूला ठेवून नागरिकांनी काय मागितलं ते पाहावं. 2010च्या एप्रिलमध्ये हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगग्रेप यांनी एका खऱ्या भारतीय मतदान यंत्राची चिरफाड करून दाखवली. यंत्र हाताशी मिळालं तर निकाल बदलणारे सुटे भाग त्यात बसवता येतात, हा त्यांचा निष्कर्ष. यंत्र आलं होतं मुंबईतल्या सरकारी साठ्यातून. ते कुणी दिलं, हे हरी प्रसाद यांनी सांगायला नकार दिला, आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना हैदराबादहून यंत्रचोरीच्या गुन्ह्यात उचललं. आयोगाचं म्हणणं असं, की प्रत्यक्षात यंत्रं कडेकोट बंदोबस्तात असतात, त्यामुळे असा प्रयोग प्रयोगशाळेतच शक्य आहे. मुंबईच्या गोदामातून एक यंत्र बाहेर पडलेलं असताना हा युक्तिवाद जरा लंगडा होता. ऑक्टोबर 2010मध्ये आयोगाने सर्व पक्षांची बैठक बोलावली. मतदाराला दिसेल अशी कागदी नोंद यंत्राला जोडा, ही मागणी तिथे पुढे आली आणि आयोगाने ती आपल्या तज्ज्ञ समितीकडे सोपवली.

जगभर तेव्हा हेच चाललं होतं. अमेरिकेत रिबेका मर्क्युरी यांनी काचेआडच्या कागदाची कल्पना आधीच मांडली होती. नेदरलँड्समध्ये खोंगग्रेप आणि त्यांच्या मित्रांच्या मोहिमेनंतर देश मतपत्रिकेकडे परतला. सगळ्यांत पुढे गेलं ते जर्मनीचं घटना न्यायालय. योआखिम आणि उलरिक वीजनर या बापलेकांच्या अर्जावर 3 मार्च 2009 रोजी त्याने निकाल दिला: मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कुठल्याही खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, तपासता आले पाहिजेत.

भारतात कागद आला तो हळूहळू. जुलै 2011मध्ये लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, पूर्व दिल्ली आणि तिरुवनंतपुरम इथे चाचण्या झाल्या. थंडी, वाळू, पाऊस, दाट वस्ती आणि दमट हवा अशी ठिकाणं मुद्दाम निवडलेली होती. 2013च्या ऑगस्टमध्ये नियम बदलले, 4 सप्टेंबरला नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत चिठ्ठी छापणारं यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, प्रथम वापरलं गेलं आणि 8 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर कागदी पुरावा ही मोकळ्या आणि निकोप निवडणुकीची अपरिहार्य गरज असल्याचं मान्य केलं. फेब्रुवारी 2017मध्ये गोव्यातल्या चाळीसही मतदारसंघांत प्रत्येक केंद्रावर ते होतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने सोळा लाखांहून अधिक यंत्रांसाठी तीन हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर केली.

महाराष्ट्रातला एक अनुभव घाम फोडणारा ठरला. 28 मे 2018ला भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत ऐन उन्हाळ्यात यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली आणि 49 केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. बिघडत होतं ते मुख्यतः छपाईचं यंत्र. पारदर्शकतेसाठी आणलेल्या भागानेच लोकांचा संशय वाढवला.

त्याआधी पुण्यात एक वेगळी घटना घडून गेली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी अशी आहे. 2014च्या विधानसभेत पर्वतीतून हरलेले काँग्रेसचे अभय छाजेड उच्च न्यायालयात गेले. मे 2017मध्ये न्यायालयाने एका केंद्रावरचं यंत्र न्यायवैद्यक तपासणीला पाठवायला सांगितलं. हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेने ते उघडून पाहिलं आणि छेडछाड झालेली नाही असा अहवाल दिला. यंत्र सुटलं. पण 2014चा संशय फिटायला 2018 उजाडलं, आणि तोही एका यंत्रापुरता. कागद असता तर एका दुपारचं काम होतं.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सगळीकडे छापली जाऊ लागली, पण मोजायची किती? नागरिकांच्या लढ्याचा खरा गाभा इथे आहे. आधी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एकाच केंद्रावरच्या चिठ्ठ्या मोजल्या जात. निम्म्या मोजा, अशी 21 विरोधी पक्षांची मागणी होती. 8 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आकडा पाचवर नेला. आयोगाचा आधार होता संख्याशास्त्रज्ञांचा अहवाल. देशभरातली 479 यंत्रं तपासली तरी जवळपास पूर्ण खात्री मिळते, असं त्यात म्हटलं होतं.

गणित बरोबर आहे, प्रश्न वेगळा आहे. देशभरातली दोन टक्के यंत्रं बिघडलेली आहेत का, या प्रश्नाला 479 पुरतात. आंबेगावचा निकाल बरोबर आहे का, या प्रश्नाला नाही. समजा, मतदारसंघात 340 केंद्रं आहेत. 1,523चं अंतर उलटवायला 762 मतं इकडची तिकडे जावी लागतील, आणि तेवढ्याला तीन यंत्रं पुरे. यादृच्छिक निवडलेल्या पाच केंद्रांत या तिघांपैकी एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात चार-पाच. असं काही घडल्याचा कुठलाही पुरावा नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. मुद्दा एवढाच की घडलं असतं तर पाच केंद्रांच्या मोजणीने ते पकडलं गेलं नसतं. पन्नास हजारांच्या अंतराने लागलेल्या निकालात मात्र पाच केंद्रांतूनही गफलत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी सुचवलेली पद्धत हीच गोष्ट धरून चालते: अंतर कमी, तर नमुना मोठा. कोलोराडो राज्य 2017पासून तसं करतं. मंचरच्या दूध संकलन केंद्रावर गवळ्याला फॅटची पावती रोज मिळते, पण वाद उद्भवला की तोच डबा पुन्हा तपासावा लागतो, तालुक्यातले कुठलेही पाच डबे नव्हे. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

कायद्यात वाट आहे. निकालाआधी उमेदवार चिठ्ठ्या मोजण्याची लेखी मागणी करू शकतो, आणि यंत्र व कागद यांत फरक पडला तर कागद खरा धरला जातो. पण मागणी मान्य करायची की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. मतदारालाही वाट आहे: चिठ्ठीवर भलतंच नाव दिसलं तर तक्रार करायची. त्यासाठी आधी लेखी प्रतिज्ञा द्यावी लागते, मग सर्वांसमोर चाचणी मत, आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तलवार. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार देशभरातून अशा अवघ्या 26 तक्रारी नोंदल्या गेल्या आणि एकही खरी ठरली नाही. आयोगाला यात यंत्राची निर्दोषता दिसते. टीकाकार विचारतात, सहा महिन्यांच्या कैदेची भीती असताना सात सेकंदांत पाहिलेल्या चिठ्ठीवर कोण पैज लावेल?

26 एप्रिल 2024 रोजी न्या. संजीव खन्ना आणि न्या. दीपांकर दत्ता यांनी सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची आणि मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागण्याची मुभा मात्र दिली, स्वखर्चाने. विधानसभेच्या वेळी हा खर्च एका यंत्रसंचामागे 47,200 रुपये होता. हरलेल्या उमेदवाराच्या खिशाला ही वाट बरीच चढणीची.

मग नोव्हेंबर 2024 आला. महायुतीला 230च्या वर जागा, विरोधकांचं पानिपत. 28 नोव्हेंबरला नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव पुण्यात महात्मा फुले वाड्यात उपोषणाला बसले. हमाल पंचायत उभारणारा, ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र पालथा घातलेला हा माणूस हरलेला उमेदवार नव्हता, हे महत्त्वाचं. ईव्हीएमबरोबरच निवडणुकीतला पैशाचा वापरही त्यांच्या बोलण्यात होता. शरद पवार येऊन गेले, अजित पवारही आले, आणि उद्धव ठाकरे यांच्या हातून पाणी घेऊन त्यांनी 30 तारखेला उपोषण सोडलं.

त्याच आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात मारकडवाडी पेटली. तिथली गोष्ट उफराटी होती. शरद पवारांच्या पक्षाचे उत्तमराव जानकर मतदारसंघात निवडून आले होते, पण या गावात त्यांना 843 आणि भाजपच्या राम सातपुतेंना 1,003 मतं पडली. हे आकडे आम्हाला मान्य नाहीत, आम्हीच मतपत्रिका छापून 3 डिसेंबरला पुन्हा मतदान घेतो, असं गावकऱ्यांच्या एका गटाने ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आणले. मतदान झालं नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. गावात सातपुतेंचे मतदारही होतेच, आणि उघड्या मंडपात कुणाला मत दिलं हे सांगायला लावणारा प्रयोग गुप्ततेच्या तत्त्वाला धक्का देणारा होता. या बाबतीत प्रशासनाची हरकत अगदीच पोकळ नव्हती. तरीही तिथे एक सोपा उपाय हाताशी होता, जो कुणी वापरला नाही: त्या गावच्या केंद्रांवरच्या चिठ्ठ्यांच्या पेट्या सीलबंद पडून होत्या. त्या सर्वांसमोर मोजल्या असत्या, तर 843 की आणखी काही, हे संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी 10 डिसेंबरला जाहीर केलं, की 288 मतदारसंघांतल्या 1,440 व्हीव्हीपॅटची मोजणी झाली आणि कुठेही फरक आढळला नाही. राज्यात एक लाखाच्या वर केंद्रं होती. म्हणजे साधारण दीड टक्का कागद मोजला गेला.

राज्याच्या विधिमंडळातही हा विषय एकदा पोचला होता. फेब्रुवारी 2021मध्ये नागपूरच्या एका नागरिकाच्या अर्जावरून तत्कालीन विधानसभाध्यक्ष नाना पटोले यांनी मतदाराला मतपत्रिकेचा पर्याय देणारा कायदा तयार करायला सांगितलं. ते त्याच महिन्यात अध्यक्षपदावरून पायउतार झाले आणि कायदा काही आला नाही.

हे सगळं झालं लोकसभा-विधानसभेबद्दल. गावाच्या जवळच्या निवडणुकीत तर चिठ्ठीही नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याच्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नाही. खरं तर कागदाची गरज इथे जास्त, कारण पाच-दहा मतांनी निकाल फिरतो आणि कोण कुणाचा हे गल्लीला ठाऊक असतं. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात 2022ची सरपंचाची निवडणूक तीन वर्षं गाजली. शेवटी ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात यंत्रं आणून मतं पुन्हा मोजली गेली. हरलेला उमेदवार 1,051 विरुद्ध 1,000 असा जिंकलेला निघाला. यंत्राने गफलत केली नव्हती. आकडे कागदावर उतरवणाऱ्या माणसांनी केली होती.

त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने जाहीर केलं, की येणाऱ्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरलं जाणार नाही. कारण तांत्रिक होतं: या निवडणुकांत एक मतदार एकापेक्षा अधिक मतं देतो आणि त्याला जुळणारं छपाईयंत्र उपलब्ध नाही. अडचण खरी असली तरी ती नवी नव्हती. ऑक्टोबर 2017मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेच्या एका प्रभागात याच आयोगाने व्हीव्हीपॅटचा प्रयोग केला होता; मधल्या आठ वर्षांत तो पुढे सरकला नाही. ऑक्टोबर 2025मध्ये विरोधी पक्षांचं शिष्टमंडळ आयोगाला भेटलं आणि व्हीव्हीपॅट देता येत नसेल तर मतपत्रिका द्या, असं म्हणालं. दोन्हींपैकी काही मिळालं नाही. 2 डिसेंबर 2025ला राज्यातल्या नगरपरिषदांसाठी मतदान झालं, त्यात महाळुंगे पडवळच्या शेजारच्या तालुक्यातली जुन्नर नगरपरिषदही होती. मतदान यंत्रांवरच झालं, व्हीव्हीपॅटविना.